वाट कुणी सोडायची?

काका : २०१८चा किसान लाँग मार्च आठवतो? नाशिकहून जवळजवळ १८० किलोमीटर चालत आलेली माणसं ११ मार्चला मुंबईत सोमय्या मैदानावर टेकली. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. पोरांचा खोळंबा नको म्हणून रात्रीच उठून आझाद मैदानाकडे निघाली. आंदोलन करावं तर असं!

मीरा : त्यांच्यापुढे मीही हात जोडते. तळपाय सोललेले, त्यात पुन्हा ती रात्रीची चाल. पण त्यांनी आपणहून दाखवलेला समजूतदारपणा आपण आता प्रत्येक मोर्चाला अट म्हणून लावतो, ते मला पटत नाही.

काका : का? परीक्षा केंद्रावर उशिरा पोचलेल्या पोराचा चेहरा मी पाहिलाय. त्यानं कुणाचं काय बिघडवलं होतं? संविधानाच्या १९व्या कलमातही हक्क आहे तो शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा.

मीरा : शांततेनं, हो. कुणाची गैरसोय न करता, असं नाही लिहिलेलं. महाडचं बघा. १९२३ साली कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव झाला, १९२४ साली नगरपालिकेनं तळं खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांबरोबर लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि मार त्यांनीच खाल्ला. समोरच्याला त्रास होतो का, एवढंच पाहायचं असतं तर त्या ओंजळीलाही मनाईच झाली असती.

काका : झालीच की, डिसेंबरात, कोर्टाची! हजारो लोक तयारीनं आलेले असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला.

मीरा : लोकांना समजावून, स्वतः ठरवून केला. आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ती दहा वर्षं कुणी सोसली, काका?

काका : ... मग माझ्या त्या पोराचं काय?

मीरा : त्याची सोय करणं आधी सरकारचं काम. मोर्चा सहा दिवस चालत येत होता, पेपरची वेळ ठाऊक होती. ते मागत होते त्या वनहक्काचा कायदा २००६चा; त्याखालचे दावे वेळेवर निकाली निघाले असते तर ती माणसं घर सोडून निघाली असती का?

काका : सरकार नाही हललं, तर? त्या सकाळी रस्त्यात पोरगाच उभा असतो.

मीरा : तर वाट द्यावी. मी देईन. पण एखाद्यानं नाही दिली, तर त्याला चुकला म्हणा. मोर्चाच बंद करा म्हणू नका.

काका : चुकला म्हणेन, आणि त्याच्या तोंडावर म्हणेन. बंद करा मात्र नाही म्हणणार.