हात मागे घेण्याचे ज्ञान

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे व्यवसायोपचाराच्या, विद्यार्थ्याने पदवीपूर्वी किमान १००० तास प्रत्यक्ष कामात घालवावेत, असा या क्षेत्राच्या जागतिक महासंघाचा निकष आहे. भारतात हे शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले, तेव्हापासून तेही वॉर्डाशी बांधलेले आहे. पुस्तकात न मिळणारे असे काय या तासांत मिळते, हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा आहे.

तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने १९४९ साली नियम माहीत असणे आणि कृती येणे यांत फरक केला. प्रत्येक कुशल कृतीआधी मनात नियम आठवावा लागत असेल, तर तो नियम नीट लागू करण्यासाठी आणखी एक नियम लागेल, आणि ही साखळी कधीच संपणार नाही. सुश्रुतसंहितेने हीच बाब वैद्याच्या अंगाने पाहिली. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, दोघेही तिथे एका पंखाचे पक्षी ठरतात. म्हणूनच शिष्याने छेद घेण्याचा सराव आधी भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करावा, असे ती सांगते.

व्यवसायोपचाराची अडचण इथून पुढे सुरू होते. पक्षाघाताच्या रुग्णाने सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालावा आणि काढताना आधी चांगला हात काढावा, हा नियम पाच मिनिटांत पाठ होतो. प्रश्न येतो तो बाही कोपराशी अडकल्यावर. विद्यार्थिनीने ती ओढून दिली तर सदरा अंगात जातो, पण उपचार तिथेच संपतो. ती फार वेळ थांबली तर रुग्ण ओशाळतो, चिडतो, उद्या प्रयत्नच करत नाही. किती थांबायचे हे माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते. त्यात आजाऱ्याला भरवणे, नेसवणे ही आपल्याकडे सेवा मानली जाते. शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकांना थेरपिस्टचे हे थांबणे निष्ठुर वाटू शकते. भाकरी एका हाताने मोडायची कशी, आमटी-भात बोटांनी कालवायचा कसा, हे प्रश्नही रुग्णाच्या ताटावरूनच ठरतात. जाड मुठीचा चमचा हे त्यांचे उत्तर नव्हे.

ॲरिस्टॉटलने वस्तू घडवण्याचे कौशल्य आणि योग्य वर्तनाचा विवेक वेगळे मानले. तरुण माणूस गणितात पारंगत होऊ शकतो, विवेकी मात्र सहसा नसतो, कारण विवेकाला अनुभव लागतो, असे त्याचे म्हणणे. स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) बनवणे पहिल्या प्रकारात मोडते आणि कार्यशाळेत शिकता येते. मदतीचा हात वेळेवर मागे घेणे दुसऱ्या प्रकारातले. स्वतःचा हात बांधून बटणे लावण्याचा सराव उपयोगी खरा, पण संध्याकाळी गाठ सुटणार हे विद्यार्थ्याला ठाऊक असते.

मग रुग्ण हे शिकण्याचे साधन ठरतात का? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे १७८५ मधील सूत्र इथे थेट लागू पडते. ‘केवळ’ या शब्दाच्या आधाराने शिक्षण-रुग्णालयांचा बचाव केला जातो: रुग्णालाही उपचार मिळतोच. पण नवशिक्या हातांचा भार बहुतेक सार्वजनिक रुग्णालयातील गरिबांवर पडतो, आणि या विषमतेला ते उत्तर पुरत नाही. शस्त्रक्रियेपेक्षा व्यवसायोपचाराची बाजू इथे थोडी बरी आहे. रुग्ण शुद्धीवर असतो आणि कृती त्याचीच असते. समोरची मुलगी शिकाऊ आहे हे त्याला दिसते, तिला तो थांबवू शकतो. मात्र नकार दिल्याने उपचार तुटणार नाहीत, ही खात्री त्याला आधी मिळालेली असली पाहिजे. लहान मुले किंवा स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध यांच्याबाबत हा आधारही उरत नाही. तिथे पालकांची वा कुटुंबीयांची संमती घ्यावी लागते, रुग्णाची नाराजी शब्दांत नसली तरी नकार म्हणून वाचावी लागते, आणि अनुभवी थेरपिस्टने शेजारच्या खोलीत नव्हे, त्याच टेबलापाशी बसावे लागते.