शरणागत जीव आणि औषधविद्या

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांपैकी सशाच्या रक्षणाची लीळा पंथात सर्वश्रुत आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन दडतो आणि स्वामी त्या शरणागताला परत देत नाहीत. या लीळेचे निरूपण करताना आज एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. मागणारा पारधी नसून रोगी असेल, आणि सशाच्या वेदनेतून त्याचे औषध निघणार असेल, तर काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा डॉ. हाफकिन यांनी लस सिद्ध केली. ती आधी सशांना टोचली व नंतर त्यांच्यावर प्लेगच्या जंतूंचा प्रयोग केला. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीच लस स्वतःला टोचून घेतली. हेतू एकच होता. परंतु हाफकिन यांनी आपला देह आपण होऊन दिला, सशाचा देह मात्र घेतला गेला. दान आणि अपहार यांतील हा भेद फळ कितीही मोठे असले तरी मिटत नाही.

प्रयोगांचे समर्थक वाचलेल्या जीवांकडे बोट दाखवितात, आणि ते खोटे नाही. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्याला थोडथोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून काढतात. शेतात साप चावलेल्या माणसाला ते घेऊ नको म्हणणे ही दया नव्हे. तथापि आवश्यकतेने कर्माचे कारण कळते, कर्माचा दोष जात नाही. हिंसेला नाइलाज म्हणणे एक, आणि तिला पुण्य म्हणणे वेगळे.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या भारतीय कायद्यात असे सांगितले आहे की, लहान प्राण्यांवर भागत असेल तेथे मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. त्या लहान प्राण्यांत सशाचे नाव आहे. व्यवहारात ही तडजोड समजते. शास्त्रदृष्टीस ती पटत नाही. देहाचे लहानमोठेपण कर्माधीन आहे. अविद्येने बांधलेला जीव हत्तीत आणि सशात सारखाच. त्याच कलमातील दुसरी आज्ञा अधिक मोलाची आहे : पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी शिक्षण साधत असेल तेथे प्राण्यांवर प्रयोग करू नयेत.

येथेच विवेकाची कसोटी आहे. रसेल व बर्च या इंग्रज संशोधकांनी १९५९ सालीच प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटविणे आणि वेदना कमी करणे हे तीन मार्ग मांडले. २०२३ साली भारताच्या औषधचाचणीच्या नियमांतही मानवी पेशी व संगणक यांवर आधारलेल्या पद्धतींना स्थान मिळाले. जेथे असा पर्याय पुरेसा ठरतो, तेथे ‘दुसरा उपाय नव्हता’ हे म्हणणे संपते आणि उरते ती केवळ हिंसा.

म्हणून साधकाने वा वासनिकाने औषध घ्यावे ते ऋण म्हणून. हक्क म्हणून नव्हे. ऋण मानणारा ते फेडण्याचा मार्ग शोधतो, आणि अनावश्यक प्रयोगाविरुद्ध बोलणे हा त्यातील पहिला हप्ता आहे. स्वामींच्या गुडघ्याखालचा ससा आपल्याकडे एवढीच अपेक्षा करतो.