भाषेचें ऋण

परकी भाषा कशासाठीं शिकावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवहाराचा वाटतो. परंतु किंचित् खोल जाऊन पाहिलें असतां तो नीतीचाहि आहे असें दिसून येईल. पुण्यांत आज जपानी शिकणारांची संख्या लहान नाहीं. विद्यापीठाचे वर्ग आहेत, खासगी वर्ग आहेत, आणि पांच पायऱ्यांची परीक्षा आहे. कोणत्या पायरीवर कोणती नोकरी मिळते, याचा हिशेब पुष्कळ घरीं तोंडपाठ असतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत मुलीनें पदवीसाठीं जपानी घ्यावयाचें ठरविलें, तेव्हां तिचे वृद्ध काका खेदानें म्हणाले, "अग, पगारावर डोळा ठेवून जिच्याकडे जायचें, ती विद्या कसली? तो तर सौदा झाला." मुलीनें शांतपणें विचारलें, "काका, पोटासाठीं शिकलें म्हणून भाषा विटाळते का हो?" काका निरुत्तर झाले, पण आमच्या मनांत तो प्रश्न घर करून राहिला.

हेतु अशुद्ध असला तर ज्ञानहि अशुद्ध होतें काय? याचा विचार करावयास पोटाहून कितीतरी कठोर अशा हेतूचें उदाहरण घेणें बरें. तें आम्हांस अमेरिकेच्या विद्यापीठांत सांपडतें.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डोनाल्ड कीन नांवाचा एक विद्यार्थी होता. १९४० सालीं, अठरा वर्षांच्या वयांत, त्यानें एका दुकानांत आर्थर वेली यांनीं केलेलें 'गेन्जी'चें इंग्रजी भाषांतर अवघ्या ४९ सेंटांस विकत घेतलें. मुरासाकी शिकिबु या दरबारी स्त्रीनें सुमारें हजार वर्षांपूर्वीं रचलेली ही कथा त्यानें घेतली, ती पुस्तक जाड आणि स्वस्त म्हणून. परंतु युरोपांतील संहाराच्या बातम्यांनीं खिन्न झालेल्या त्या युद्धविरोधी तरुणास तींत एक निराळेंच जग दिसलें. पुढच्या वर्षीं तो त्सुनोदा र्‍यूसाकु या जपानी अध्यापकांच्या वर्गांत गेला. जपानी विचारांच्या इतिहासाचा तो वर्ग. आणि प्रारंभीं विद्यार्थी तो एकटाच. एकट्यासाठीं गुरूंस शिणवावें काय, असा त्यास संकोच वाटला; पण एक विद्यार्थी पुरेसा आहे, असें त्यांनीं सांगितलें. तासाच्या आधींच फळा टिपणांनीं भरून ते त्याची वाट पाहत असत. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि हेच गुरु शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध झाले. चौकशीअंतीं त्यांची सुटका झाली, ही गोष्ट निराळी.

अमेरिकन आरमाराला आतां जपानी जाणणारे अधिकारी हवे होते. त्याची भाषाशाळा कॅलिफोर्नियांत होती. कीन तींत दाखल झाला. १९४२ च्या फेब्रुवारींत सरकारी हुकूम निघाला, आणि त्यापायीं जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांस घरेंदारें सोडून छावण्यांत जावें लागलें. यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. शाळेचे शिक्षकहि बहुतांशीं जपानी वंशाचे. त्यांस पश्चिम किनाऱ्यावर राहतां येईना, म्हणून शाळाच उचलून बोल्डर येथें कोलोरॅडो विद्यापीठांत नेली. कांहीं शिक्षक तर छावण्यांतूनच आणिले गेले. ज्यांच्या जातभाईंस तारांच्या कुंपणाआड कोंडिलें, त्यांच्याच तोंडून त्यांची भाषा शिकून घेतली, आणि ती कशासाठीं, तर त्यांच्या पूर्वजांच्या देशाचा पाडाव करण्यासाठीं! विद्यादानाचा याहून विपरीत प्रसंग कल्पितां येणें कठीण. काकांचा न्याय खरा असेल, तर या शाळेंतून निघालेली विद्या विषारीच ठरली पाहिजे.

पण घडलें तें असें. हवाई बेटांत कीनकडे रणांगणावर सांपडलेल्या कागदांचें काम आलें. त्यांत मेलेल्या जपानी सैनिकांच्या रोजनिशा होत्या; कांहींवर रक्त वाळलेलें, त्यांस दुर्गंधि येत असे. लष्करी माहितीसाठीं त्या वाचावयाच्या. परंतु पानोपानीं भेटे तो भुकेला, तापानें फणफणलेला, घराची आठवण काढणारा मनुष्य. क्वचित् एखाद्या रोजनिशीच्या शेवटीं इंग्रजींत विनंति असे कीं, सांपडणारानें युद्धानंतर ही माझ्या घरीं पोंचवावी. कीननें अशा रोजनिशा नियम मोडून लपवून ठेविल्या. पण त्या सांपडल्या व काढून घेतल्या गेल्या. त्या घरांपर्यंत त्या त्याच्या हातून कधींच पोंचल्या नाहींत. पुढें त्यानें कोलंबियांतच जपानी वाङ्मयाचें अध्यापन पन्नासांहून अधिक वर्षें केलें, जपानी रोजनिशांच्या परंपरेवर मोठा ग्रंथ लिहिला, २०११ च्या भूकंपानंतर त्या देशांत कायमचें राहावयास जाऊन २०१२ मध्यें त्याचें नागरिकत्व घेतलें, आणि २०१९ सालीं ९६ व्या वर्षीं तेथेंच देह ठेविला.

एका मनुष्याच्या चरित्रावरून सिद्धान्त काढूं नये, हें आम्ही जाणतों. त्याच शाळेंतून शिकून कित्येकांनीं युद्ध संपतांच तो विषय सोडून दिला असेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हेतु हा विद्येच्या दारापर्यंत आपल्याबरोबर येतो. आंत गेल्यावर भाषा आपली अट घालूं लागते. जपानीची अट तर पहिल्या धड्यापासूनच जाणवते. वाक्याच्या शेवटीं क्रियापद आणि नामामागून येणारे संबंधदर्शक शब्द, यामुळें मराठी विद्यार्थ्यास ती प्रथम आपलीशी वाटते. पण आपण परक्यालाहि "आमचे बाबा आले आहेत" असें आदरानें सांगतों. जपानी मनुष्य परक्यापाशीं स्वतःच्या वडिलांस 'चिचि' म्हणतो, आणि समोरच्याच्या वडिलांस 'ओतोसान'. कचेरींतील कारकून बाहेरच्या माणसापुढें आपल्या वरिष्ठाचें नांव आदरार्थी प्रत्ययावांचून घेतो; कारण तेथें वरिष्ठहि 'आपल्यांतला', आणि आपल्यांतल्यास खालीं ठेवून समोरच्यास वर बसवावयाचें. म्हणजे आपण कोण आणि समोर कोण, हा विचार केल्यावांचून तेथें धड वाक्यहि बोलतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, नम्रता व्याकरणांत असली म्हणून ती अंतःकरणांत असतेच असें नाहीं. १९३७ सालीं नानकिंगमध्यें अत्याचार करणारे सैनिकहि हीच भाषा बोलत होते. हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. म्हणूनच चेरीचा बहर, चहाचा विधि आणि हायकूची नाजूक चिमुकली रचना यांवर भाळून त्या रक्ताकडे पाठ फिरविणारा विद्यार्थी आम्हांस निर्दोष वाटत नाहीं. पगारासाठीं शिकणारा निदान आपला स्वार्थ ओळखून असतो. केवळ स्वप्नासाठीं शिकणारा त्या लोकांस आपल्या करमणुकीचें साधन करितो, आणि त्यासच प्रेम म्हणतो.

मग कसोटी कोणती? रूथ बेनेडिक्ट या विदुषीनें युद्धकाळांत सरकारच्या सांगण्यावरून जपानी स्वभावाचा अभ्यास केला व १९४६ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या कधीं जपानला गेल्या नव्हत्या, त्यांस जपानी येत नव्हतें. १९४८ सालीं ग्रंथाचें जपानींत भाषांतर झालें, आणि तेथील पंडितांनीं तो आवडीनें वाचला, त्याशीं वाद घातला, त्यांतील चुका दाखविल्या. ज्याचें वर्णन केलें तोच उठून उत्तर देऊं लागला, तेव्हां कोठें त्या ज्ञानाचें खरें मोल ठरूं लागलें. बोल्डरच्या शिक्षकांस असें उत्तर देण्याची सोय नव्हती; त्या शाळेचें पाप कांहीं असेल तर तें हें.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्यामागें तीन ऋणें सांगितलीं आहेत; त्यांपैकीं ऋषिऋण अध्ययनानेंच फेडावयाचें. ऋण कोणत्या कामासाठीं काढलें, पोटासाठीं कीं हौसेसाठीं, यावरून तें नाहींसें होत नाहीं. परक्या भाषेचें ऋणहि तसेंच आहे. तें देणारे लोक आपल्यापुढें उभे आहेत; त्यांचें बोलणें पुरतें ऐकून घेणें, तें आपल्या सोयीसाठीं न मोडणें, आणि तें आपणांस चुकीचें ठरवूं लागलें तरी कान न झांकणें, हीच त्याची फेड.

तेव्हां त्या मुलीस आमचें उत्तर असें : पोटासाठीं शिकलीस म्हणून भाषा विटाळणार नाहीं, बाई. खुशाल शीक आणि चांगला पगार मीळव. उद्यां एखाद्या कंपनींत दुभाषी म्हणून बसशील, आणि समोरच्या जपानी गृहस्थाचें अडचणीचें वाक्य आपल्या मालकास रुचेल असें वळवून सांगण्याचा मोह होईल. ते दोघेहि त्या क्षणीं तुझ्या भरंवशावर असतील, आणि तूं काय केलेंस हें तुझ्यावांचून कोणास कळणार नाहीं. काकांनीं विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर तुला त्या वेळीं द्यावें लागेल.