थेंबाच्या मागे

बसा. पाठ टेकली तरी चालेल. पायांत वहाणा असतील तर काढून ठेवा. आपण देवराईत निघालो आहोत, आणि बऱ्याच देवरायांत अनवाणी जायची रीत आहे. डोळे मिटा. आज पावसाच्या एकाच थेंबामागून जायचं आहे. तो सावकाश जातो, तेव्हा आपणही सावकाशच जाऊ.

जागा आहुप्याची. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं, सह्याद्रीच्या ऐन कड्यावरचं गाव. महिना आषाढ. समोर कोकण आहे, पण धुक्यात दिसत नाही. भीमाशंकरच्या या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणजे पाण्याला तोटा नाही. ते टिकवायचं कसं, हा इथला प्रश्न आहे.

भातखाचरं मागे टाका. राईच्या कडेला क्षणभर उभे राहा, मग आत या.

आधी आवाज बदलतो. बाहेर पाऊस अंगावर मारत होता. इथे तो वर कुठेतरी पडतो आहे, आणि खाली पोचतो आहे तो निराळाच पाऊस, उशिराचा, टपोऱ्या थेंबांचा, एकेकटा. बाहेरची सर थांबली तरी आतली चालूच राहते. जरा वेळ नुसतं हे ऐका.

आता वर बघा आणि एक थेंब निवडा. हिरड्याच्या शेंड्यावरच्या पानावर तो पडला आहे. पानाच्या टोकाशी लोंबकळतो, सुटतो, जांभळाच्या पानावर आदळतो, तिथून गारंबीच्या वेलावर येतो. मांडीएवढा जाड वेल, या झाडावरून त्या झाडावर गेलेला. त्याच्या सालीवर शेवाळ आहे, आणि शेवाळ थेंबाला लगेच सोडत नाही. त्याच्यासारखे कितीतरी थेंब इथूनच वाफ होऊन परत जातील. आपला मात्र खाली उतरतो. आभाळातून आला तेव्हाचा त्याचा जोर आता उरलेला नाही. तो पाचोळ्यावर पडतो आणि दिसेनासा होतो.

इथे थांबा. मनातल्या मनात पाचोळ्यात हात घाला. वरची पानं अजून अख्खी आहेत. त्यांच्या खालच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या आहेत. आणखी खाली बोटांना गार, काळं, भुसभुशीत काही लागतं. त्यात पान कुठे संपलं आणि माती कुठे सुरू झाली, सांगता येत नाही. बुरशीचे पांढरे तंतू एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत गेले आहेत. गांडुळांची बिळं आहेत, वाळवीच्या वाटा आहेत, कुजून गेलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या आहेत. ही माती घावनासारखी जाळीदार आहे. जंगल म्हटलं की आपण मान वर करून झाडं बघतो. मला वाटतं, जंगलाचं निम्मं मोठेपण या वीतभर थरात आहे, आणि तो तयार व्हायला कित्येक पिढ्या लागतात.

थेंब त्या जाळीतून मुरतो. मातीतून मुरमात, मुरमातून कातळाच्या भेगेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरावर थर साचून हा कातळ झाला. दोन थर जिथे भेटतात, तिथे पाण्याला आडवी वाट मिळते. आता पूर्ण काळोख आहे. थेंब जातोय की थांबलाय, कळत नाही. श्वास संथ होऊ द्या. त्याला तिथेच राहू द्या.

आपण तेवढ्यात बाहेर येऊ. समोर एक उघडी टेकडी आहे. आभाळ तेच, पाऊसही तोच. दुसरा एक थेंब पडतो तो थेट मातीवर. माती उडते, तिची छिद्रं गाळाने बुजतात, आणि मागून आलेल्या थेंबांना आत शिरायला जागाच उरत नाही. ते एकत्र होऊन तांबडे लोट धावतात. मातीसकट घटकाभरात ओढ्यात, ओढ्यातून घोड नदीत, आणि खाली डिंभे धरणाच्या तळाशी गाळ.

याच तालुक्यात माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराचा कडा गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. त्याचा दोष एकट्या वृक्षतोडीवर टाकणं खरं होणार नाही. पाऊस अतोनात होता, उतारांच्या सपाटीकरणाबद्दलही बोललं गेलं. पण या डोंगरांना किती जपून हात लावायला हवा, ते त्या सकाळनंतर वेगळं सांगावं लागू नये. त्या माणसांसाठी थोडं स्तब्ध राहा.

पुन्हा राईकडे वळा. ती टिकली कशी? कुंपणाने नाही. इथले महादेव कोळी रानातून बाळहिरडा गोळा करतात, विकतात. रान त्यांच्या पोटाशी बांधलेलं आहे. तरी राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा जुना दंडक. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या अशा राया पायी हिंडून अभ्यासल्या. शास्त्रज्ञ पोचण्याच्या कितीतरी आधीपासून गावं त्या राखत होती. देवाच्या भीतीने राखल्या, असं म्हणतात. मला ती भीती हलकी वाटत नाही. कुऱ्हाड हातात असताना ती न उचलणं, आणि आजोबांनी उचलली नाही म्हणून नातवानेही न उचलणं, याला फार मोठी ताकद लागते.

आता तो दंडक सैल होतो आहे. सर्वांत वेदना देणारं हे, की काही ठिकाणी कुऱ्हाड देवाच्याच नावाने आली. सिमेंटचं देऊळ हवं, पुढे पत्र्याचा सभामंडप हवा, म्हणून राईतली झाडं विकली गेली. मधलं एक मोठं झाड गेलं की वरच्या हिरव्या छताला भोक पडतं. जमिनीवर न उतरता फांद्यांवरून फिरणाऱ्या शेकरूची वाट तुटते. ऊन थेट खाली येतं, पाचोळा वाळतो, ती जाळीदार माती कडक होऊ लागते. देव नव्या देवळात बसतो आणि त्याच्या पायाखालचं पाणी आटतं. राग येत असेल तर येऊ द्या. या मननात त्यालाही जागा आहे.

आता महिने जाऊ द्या. आश्विन, मार्गशीर्ष, माघ. चैत्र आला. डोंगर पिवळे पडले आहेत. खाली घोड नदी शिरूरच्या बाजूला गेली आहे, ज्या गावाला लोक नदीच्याच नावाने घोडनदी म्हणतात. पुढे ती भीमेला मिळते, आणि पंढरपुरात त्या भीमेची चंद्रभागा होते.

आपण मात्र राईच्या खालच्या अंगाला, झऱ्यापाशी बसू. कातळाच्या फटीतून करंगळीएवढी धार येते आहे. पाणी गार आहे. आपला थेंब त्यात असेल, किंवा अजून आतच असेल. एक बाई धारेखाली कळशी लावते आणि शेजारच्या दगडावर टेकते. कळशी भरायला बराच वेळ लागणार आहे. तोवर तिच्यासोबत बसून राहा.