पाचातला एक वाटा



पराभव झाला की मनात पहिला प्रश्न कोणता येतो? 'माझ्यात काय कमी आहे?' हाच ना? आज या प्रश्नाकडे एका फुटबॉल संघाच्या निमित्ताने पाहू या.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात प्रेअरी व्ह्यू ए अँड एम हे विद्यापीठ आहे. १८७६ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ते स्थापन झाले. तिथला फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि अडवायला येणाऱ्यांना अंगाने भिडायचे, असा तो खेळ. १९५० आणि १९६० च्या दशकांत बिली निक्स या प्रशिक्षकांच्या हाताखाली या संघाने कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले होते.

पुढे दिवस फिरले. १९८९ मध्ये पराभवांची मालिका सुरू झाली. १९९० चा हंगाम विद्यापीठाने रद्द केला. १९९१ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला, पण खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. त्या हंगामात संघ अकरा सामने खेळला आणि अकराही हरला. त्यांचे एकूण गुण ४८, प्रतिस्पर्ध्यांचे ६१७. नंतरचे हंगामही तसेच गेले. १९९८ पर्यंत सलग ८० पराभव झाले.

जरा त्या मुलांचा विचार करा. १९९१ मध्ये संघात आलेला मुलगा चार वर्षे खेळून बाहेर पडला असेल, तर त्याच्या वाट्याला एकही विजय आला नाही. तरी दर हंगामात संघ मैदानात उतरत राहिला. 'मार्चिंग स्टॉर्म' हे विद्यापीठाचे वाद्यपथक मध्यंतरात वाजवत राहिले.

ही हकीकत मी वाचली, तेव्हा माझा स्वतःचा निकाल नुकताच लागला होता. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. सीए इंटरमीजिएटचा एक ग्रुप दुसऱ्यांदा राहिला होता. आईला सांगितले आणि खोलीचे दार लावून घेतले. त्या आठवड्यात सत्संगाला गेले नाही. भाषांतराची सेवाही थांबवली. रोज साधना करणारी मी नापास होते, मग इतरांसाठी साधनेविषयी कोणत्या तोंडाने लिहू, असे वाटत होते.

वडोदऱ्यात आमच्या घराजवळ राहणारे सत्संगातले एक काका चौकशीला आले. त्यांनी समजूत घातली नाही. विचारले, "काय गं, भागीदारीत तोटा झाला तर तो कोणाच्या खात्यावर टाकतात?"

मी म्हटले, "काका, सगळ्या भागीदारांच्या. ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे."

"मग तू सगळा तोटा एकटीच्या खात्यावर का घेऊन बसली आहेस?"

नंतर त्यांनी गीतेचा अठरावा अध्याय काढला. कोणतेही कर्म घडण्यामागे तिथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करणे म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. या पाचांत कर्ता हा एक आहे. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असेही भगवंत तिथे सांगतात.

आता त्या संघाकडे पुन्हा पाहा. शिष्यवृत्ती नव्हती, म्हणजे साधनेच अपुरी होती. ६१७ विरुद्ध ४८ हा आकडा एकट्या खेळाडूंच्या उणिवेचा नव्हता. पण म्हणून त्यांनी आपला वाटाही सोडून दिला नाही. सराव त्यांच्या हातात होता, तो झाला. सामन्याला जाणे त्यांच्या हातात होते, ते गेले.

साधकहो, इथे दोन्हीकडे तोल जाण्याचा धोका आहे. एक जण म्हणतो, सगळा दोष माझा, आणि खचून बसतो. दुसरा म्हणतो, सगळे दैवाचे, आणि हात जोडून बसतो. दोघांचाही हिशेब चुकला आहे. मी प्रामाणिकपणे माझा हिशेब मांडला. प्रश्नपत्रिका माझ्या हातात नव्हती. ऐन परीक्षेतला ताप माझ्या हातात नव्हता. पण सराव परीक्षा मी टाळल्या होत्या, तो माझा वाटा होता. तो मान्य केला आणि मन हलके झाले. काय करायचे ते कळले.

२६ सप्टेंबर १९९८ रोजी प्रेअरी व्ह्यूने लँग्स्टन विद्यापीठाला १४–१२ असे हरवले. अवघ्या दोन गुणांनी! पुढे २००९ मध्ये या संघाने साउथवेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सचे विजेतेपदही मिळवले. त्या दिवशी मैदानात नसलेल्या, आधीच पदवी घेऊन गेलेल्या कितीतरी मुलांनी हा संघ जिवंत ठेवला होता. विजय दुसऱ्यांच्या हाती लागला. म्हणून त्यांचे कर्म वाया गेले, असे आपण म्हणू का?

साधना केली की यश मिळतेच, असे मी लिहिणार नाही. माझा तिसरा प्रयत्न अजून व्हायचा आहे आणि निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. पण सत्संगाला मी पुन्हा जाते आणि हा लेख तुमच्यासमोर आहे.

या आठवड्यात एक छोटा प्रयोग करू या. मनाला लागलेला एक पराभव आठवा. शांत बसून, दोन-चार दीर्घ श्वास घेऊन, तो पाच वाट्यांत मांडा. आपला वाटा कोणता, ते कागदावर एका ओळीत लिहा. बाकीचे चार वाटे ईश्वरचरणी ठेवा. आणि उद्या सकाळी त्या एका ओळीपासून कामाला लागा.