शिक्षण कराचा हिशेब गावाला द्या

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या बागायतदाराची तलाठ्याकडची पावती जरा नीट वाचावी. जमीन महसुलाखाली जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर असतो. त्याच्याही खाली दोन नावे असतात: शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. उसासारख्या नगदी पिकांवरचा हा आकार 1962 च्या कायद्याने आला आणि रोजगार हमीची भर त्यात सत्तरच्या दशकात पडली. शहरांत तोच कर घरपट्टीबरोबर वसूल होतो. मुलांना शाळा आणि मोठ्यांच्या हाताला काम, या दोन्हींचा भार एकाच कायद्याने मिळकत असणाऱ्यांवर टाकला, हे महाराष्ट्राचे मोठेपण होते. मात्र पैसा गावात गोळा होतो आणि राज्याच्या तिजोरीत विरून जातो. त्यातला किती आपल्या शाळेला आला, हे ना सरपंच सांगू शकतो, ना मुख्याध्यापक.

इंग्रजी अमलात, 1860 च्या दशकात, मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाचा, हे ठरलेले होते. परक्या सरकारच्या त्या कराचे कौतुक करण्याचे कारण नाही, पण वाटा तरी माहीत होता.

आता शाळा जिल्हा परिषदेची, पगार राज्याचा आणि किरकोळ खर्चाला समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त अनुदान. पट 30 पर्यंत असेल तर ते वर्षाला 10 हजार, शंभरपर्यंत 25 हजार. मोरगाव-सुप्याच्या जिरायती पट्ट्यातल्या वस्तीशाळेच्या हिशेबाने पाहा. महिन्याला साडेआठशे रुपयेही हाती येत नाहीत. त्यात खडू, झाडू, स्वच्छतागृहाची सफाई, नळाची तोटी, विजेचे बिल. उरलेले गुरुजी आणि बाई पदरमोड करून भागवतात, नाहीतर लोकवर्गणी मागतात. त्या गुरुजींची स्थिती तरी काय? पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची, आणि प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन अगदी 2023 पर्यंत महिना 6 हजार होते. मग ते 16 हजार झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि तरुणांच्या संतापामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला.

नोकरीचा आणि शाळेचा संबंध इथेच येतो. वालचंदनगरला कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्याबरोबर कामगारांची वसाहत आली, शाळा आली. नीरा डाव्या कालव्यावर सहकारी साखर कारखाने आले आणि त्यांच्या आधाराने शिक्षणसंस्था वाढल्या. पुढे बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो आले. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात, हे कुणी नाकारू नये. पण आज महाराष्ट्रातल्या सगळ्याच औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामगार वाढला आहे आणि कंत्राटदार काही शाळा बांधत नाही. ठेका बदलला की नोकरी पुन्हा पहिल्यापासून. अशा घराला इंग्रजी शाळेची फी एक वर्ष परवडते, पुढच्या वर्षी नाही. बीड-नगरकडून येणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या पोराला तर फीचा प्रश्नच नसतो, त्याला हंगामात फडाजवळची सरकारी शाळा एवढाच आधार. कामाची शाश्वती जितकी कमी, तितकी जिल्हा परिषदेची शाळा भक्कम हवी. आपण नेमके उलटे करतो आहोत.

यावर कर ग्रामपंचायतीलाच द्या, असे सुचवले जाते. मला ते पटत नाही. अमेरिकेत शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात, म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरिबांची गरीब राहते. 1971 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अन्याय ठरवला, पण दोनच वर्षांनी टेक्सासच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालू ठेवला. आपल्याकडेही एमआयडीसीला लागून असलेले कटफळ तरेल आणि जिरायती गाव मागे पडेल.

म्हणून निधी तालुक्याचा असावा. तालुक्यात जमा होणाऱ्या शिक्षण कराचा निम्मा भाग पंचायत समितीकडे यावा. कंपन्यांच्या दोन टक्के सामाजिक खर्चातला शाळांचा वाटाही तिथेच पडावा. आज तो ओळखीच्या शाळेला रंग आणि संगणक देतो, विजेचे बिल मात्र भरत नाही. कमी पटाच्या, ऊसतोडीच्या मुलांच्या शाळांना त्यातून आधी पैसे मिळावेत.

तालुक्याच्या हाती पैसा म्हणजे राजकारण, ही भीती खरी आहे. पण आज काय आहे? राज्याचे अर्थखाते अनेक वर्षे बारामतीच्या आमदारांकडे राहिले आणि त्याचा लाभ इथल्या इमारतींना झाला. तो नेतृत्वाच्या वजनाने मिळाला, हक्काने नव्हे. ज्या तालुक्याला असे वजन नाही, त्याच्या मुलांनी काय करावे? शिवाय मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर पुणे जिल्हा परिषद तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती, म्हणजे जाब विचारायला निवडून आलेली शिक्षण समितीच नव्हती.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले आहेत आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम त्यांना दिले आहे. त्या पालकांनी यंदाच्या आराखड्याला तलाठ्याची पावती जोडावी, आणि आपल्या गावाने भरलेल्या शिक्षण कराचा हिशेब ग्रामसभेचा ठराव करून मागावा.