घोंगडी, इरले आणि नवा कोट

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरी एखादा वाद ठरलेलाच. यंदा तो मुलाच्या नव्या कोटावरून झाला. कोट हलका, पिशवीत मावणारा. किंमत ऐकून वडिलांनी चष्मा काढून पुसला. "आमची घोंगडी चाळीस वर्षं टिकली," ते म्हणाले. आम्हीही मान डोलावली. उपदेशकाला असा आयता विषय मिळाला की तो सोडवत नाही!

घोंगडीची थोरवी खोटी नव्हे. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सनगराने मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. थोडी भिजली तरी ऊब देते. फाटली तर रफू करता येते. नव्या कोटाचे मर्म म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा प्लॅस्टिकचा पापुद्रा. तो ताणून करण्याची युक्ती बॉब गोर यांना 1969 साली सापडली. घामाची वाफ बाहेर जाते, पावसाचा थेंब आत येत नाही. चीज नामी खरी. पण असे पापुद्रे व त्यांवरचा लेप बहुधा ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा असे, ती माती-पाण्यात जवळजवळ नष्टच होत नाहीत. कॅलिफोर्नियाने 2025 पासून नव्या कपड्यांत त्यांना बंदी केली. अतिवृष्टीत वापरायच्या कपड्यांना मात्र 2028 पर्यंत सवलत दिली.

मग निवाडा सोपा? आम्हांस तसेच वाटले होते. जुलैत खानापूरकडे प्रार्थनासभेला गेलो. भाताची लावणी चालली होती आणि बायकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद. एका आजींना विचारले, "इरलं का नाही घेत?" त्या हसल्या. "आता विणतंय कोण? आणि ते घेऊन दिवसभर वाकून बघा की तुम्ही, सर."

निर्गमाच्या 22 व्या अध्यायात गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याची आज्ञा आहे, कारण गरिबाला दुसरे काही नसते. ते कशाचे विणलेले, याची तेथे चौकशी नाही. चौकशी आहे ती त्याच्या उघड्या अंगाची. या मापाने नवा कोट दोषी ठरेल, कारण त्याचे विष ज्यांच्या पाण्यात उतरते त्यांतील कित्येकांना तो कधी घेता येणार नाही. पण आमचे काय?

घरी येऊन ट्रंक उघडली. घोंगडीला कसर लागली होती. किती पावसाळे ती आम्ही पांघरली नाही, आणि चर्चच्या आवारातला रखवालदार पोत्याची खोळ घेऊन रात्री काढतो हे रोज पाहत होतो. वडिलांनी ती उजेडात धरली, भोके मोजली.

"त्याला विचार," ते म्हणाले, "इतपत चालेल का."